आतोबांनी उकरलेलं घर

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत, की तिकडे परदेशात बँक घर ताब्यात घेणार असं कळलं की काही लोक नळ उपटतात, भिंती फोडतात. "घर त्यांचंच ना आजी, मग गुन्हा कसला?" असंही विचारलंत. त्याच आठवड्यात एका मुंजीच्या पंगतीत कोणीतरी आमच्या आतोबांची गोष्ट बाणेदारपणाचा नमुना म्हणून सांगितली आणि लोकांनी माना डोलावल्या. तो प्रकार डोळ्यांनी पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे. म्हणून लिहिते.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पन्नासच्या दशकात मुलुंडला त्यांचं कौलारू, बैठं घर होतं. अंधेरीच्या एका स्टुडिओत चाललेल्या चित्रपटात पैसे घालायला त्यांनी ते गहाण टाकलं. चित्रपटातलं त्यांना काही कळत नव्हतं. सेटवर बसायला खुर्ची मिळे आणि कोणीतरी 'साहेब' म्हणे, तेवढ्यावर खूश. चित्रपट अर्ध्यावर बंद पडला, कोर्टाने घराचा लिलाव केला आणि घाटकोपरच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याने ते घेतलं.

तो घर बघायला आला तेव्हा आत्याला म्हणाला, "बाई, मला इथे एवढ्यात राहायचं नाही. मागच्या दोन खोल्या तुम्ही भाड्याने ठेवा. फक्त घर आहे तसं हातात द्या."

आत्याला मूलबाळ नव्हतं. माहेर म्हणजे आम्ही, कुर्ल्याला दोन खोल्यांत दाटीवाटीने राहणारे. तिला त्या मागच्या खोल्यांखेरीज जगात जागा नव्हती. व्यापारी गेल्यावर तिने देवापुढे साखर ठेवली.

आतोबांना मात्र अपमान वाटला. "माझ्याच घरात मी भाडेकरू?" मग त्यांना आठवलं, की वास्तुशांतीच्या वेळी वास्तुपुरुषाची प्रतिमा जमिनीत पुरली होती. घर विकलं गेलं, वास्तुपुरुष नाही. तो मी खणून नेणार!

घरच्या भटजींनी कपाळाला हात लावला. "अहो, तो घराचा असतो, तुमचा नव्हे. लोक घरं विकतात, तेव्हा जमीन उकरतात का?"

माझे वडील एका वकिलाकडे कारकून होते. ते म्हणाले, "लिलाव कायम झालाय. घर आता त्याचं. मुद्दाम एक फरशी फोडलीत तरी फौजदारी होईल."

"कारकून आहेस, कारकुनासारखा राहा. मला कायदा शिकवू नकोस."

ताबा द्यायच्या आदल्या दिवशी आम्ही पुढच्या खोल्यांतलं सामान मागे हलवायला गेलो. आतोबा धोतर खोचून, कुदळ घेऊन उभे होते आणि शेजाऱ्यांना आग्नेय दिशा विचारत होते. प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात एवढं त्यांना ठाऊक होतं. ज्या घरात आयुष्य काढलं त्याची आग्नेय कुठली, हे ठाऊक नव्हतं. एकाने स्वयंपाकघर दाखवलं, दुसऱ्याने ओसरी. आतोबांनी दोन्ही खणलं, मग उरलेल्या खोल्यांचे कोपरे. प्रतिमा मिळाली नाही. शेजारी आत्याच्या हातचा चहा पीत बघत होते. "झकास! शेटला कळू दे कोणाशी गाठ आहे," असं म्हणणारा त्यांतलाच एक. स्वतःच्या घराचा खिळाही त्याने कधी उपटला नसता.

प्रेक्षक मिळाल्यावर आतोबांना चेव आला. देव राहिला बाजूला. खिडक्यांचे गज, मोरीचा नळ, दाराच्या कड्या, सगळ्यांवर पहार चालली.

"अहो, पुरे," आत्या म्हणाली. "मागच्या खोल्या तरी सोडा. मला राहायचंय तिथे."

"मग त्याच आधी!" असं म्हणून ते मागे गेले.

दुसऱ्या दिवशी ताबा घ्यायला कोर्टाचा बेलीफ आणि व्यापारी आले. पंचनामा झाला, पोलिसांत तक्रार गेली. आदल्या दिवशी चहा पिणाऱ्यांपैकी कोणालाच काही दिसलं नव्हतं.

कोर्टात आतोबांनी धर्म पुढे केला. मॅजिस्ट्रेटनी पंचनामा वाचून विचारलं, "वास्तुपुरुष खिडकीच्या गजांत पुरला होता काय?" आतोबांना थोड्या दिवसांची कैद आणि दंड झाला. तुमच्या प्रश्नाचं इथलं उत्तर हे. लिलाव कायम झाल्यावर घर दुसऱ्याचं. पण समजा, ते अजून आपल्या नावावर असेल आणि ज्याच्याकडे गहाण टाकलं त्याला खड्ड्यात घालायला म्हणून आपण ते मोडलं, तरीही तो गुन्हाच. यात बाणेदारपणा शोधणाऱ्यांची मला कीव येत नाही, किळस येते.

आत्या मला सोबत घेऊन घाटकोपरला गेली. व्यापाऱ्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाई, तुमच्यावर राग नाही. पण खोली तुम्हाला दिली तर त्या माणसालाही द्यावी लागेल."

"बरोबर आहे तुमचं," आत्या म्हणाली आणि पाणी न पिता उठली.

आतोबा सुटल्यावर दहिसरला भावाकडे गेले. तिथल्या मित्रांनी त्यांना हार घातला आणि त्यांनी तो घालून घेतला. आत्या त्यांच्याबरोबर गेली नाही. ती कुर्ल्याला आमच्या स्वयंपाकघरात झोपायची. लग्नानंतर माझं बिऱ्हाड झालं, तेव्हा मी तिला माझ्याकडे आणलं आणि एक लोखंडी खाट घेऊन दिली. ती वारली तीही त्याच खाटेवर. मुलुंडच्या घराचं काहीच उरलेलं नाही. खाट माझ्याकडे आहे आणि अजून वापरात आहे.