गारठलेला राजा

आमच्या शेजारच्या इनामदारांनी परदेशी अजगर पाळला होता. पाहुणे जमवून त्याचं जेवण दाखवायची त्यांना भारी हौस. त्या दिवशी पाहुण्यांसाठी एसी अठरावर होता आणि फोटोत चकाकतो म्हणून अजगराच्या काचेच्या पेटीतला उबेचा दिवा त्यांनी बंद केला होता. आतली हवा इतकी कोरडी, की अजगराची कात डोळ्यांवरच चिकटून राहिली होती.

"अहो, गारठलाय तो," इनामदारकाकू म्हणाल्या.

"राजा आहे तो! बघच आता," म्हणत इनामदारांनी जिवंत उंदीर आत सोडला.

राजा हलला नाही. उंदीर आधी कोपऱ्यात थरथरला, मग धिटावून त्याची पाठ कुरतडू लागला. काचेवर रक्त उडालं, तरी पाहुण्यांचे मोबाइल खाली आले नाहीत. मला वाटलं, दरारा म्हणतात तो एवढाच, कुणीतरी बाहेरून पुरवलेली ऊब.

काकूंनीच उंदीर चिमट्याने काढला, दिवा लावला, आत ओला पंचा ठेवला. तासाभराने त्या जखम पुसायला गेल्या, तेव्हा अजगर त्यांच्या हाताला कडकडून चावला.

रक्त निथळत असताना काकू म्हणाल्या, "जगेल हा."