गोष्टीच्या बदल्यात गोष्ट

कुवेतमधलं शुवैखचं बंदर नवं होतं तेव्हा मी तिथल्या एका गोदामात कारकून होतो, आणि माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा त्याच गोदामात हमाल. आमचा साहेब आयर्लंडचा, खेड्यातला. दुपारच्या चहाला मला शेजारी बसवून तो मोडक्यातोडक्या हिंदीत गावच्या गोष्टी सांगायचा. जमीनदाराने कुंपण घालून गायरान गिळलं की तिथले शेतकरी शपथ घेऊन एक व्हायचे. कपड्यांवरून पांढरे सदरे, तोंडाला चुलीची काजळी, आणि सगळ्यांनी एकाच बाईचं नाव सांगायचं, म्हणजे कुणाचं खरं नाव फुटायला नको. सकाळी बघावं तर कुंपण आडवं. पोलीस दारोदार विचारायचे, आणि अख्खं गाव बहिरं व्हायचं. मला आमच्याकडचे खोत आठवत, आणि ऐकताना ऊर भरून येई.

मी मूर्ख माणूस. गोष्ट सांगणारा गावाच्याच बाजूचा असणार, असं धरून चाललो.

त्या उन्हाळ्यात मुकादमाने हमालांच्या पिण्याच्या पाण्यातला बर्फ बंद केला. पाणी इतकं तापे की घोट घशाखाली उतरत नसे. दोघे चक्कर येऊन पडले. मग एका सकाळी मुकादमाच्या गाडीची चारही चाकं फाडलेली सापडली. पोलिसांनी एकेकाला उभं करून विचारलं, पण कुणी तोंड उघडलं नाही. मला ठाऊक होतं. सुरी आमच्याच खोलीतली होती, मासे कापायची, आणि ती बहिणीच्या नवऱ्याने नेली होती.

चार दिवसांनी साहेबाने चहाला आणखी एक गोष्ट सांगितली. मला वाटलं, किती दिवस आपण नुसतं ऐकून घ्यायचं? आमच्यातही आहेत असे गडी, मी म्हटलं, आणि फुशारकीने सगळं सांगून टाकलं, नावासकट. साहेब हसला, माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी पोलीस बहिणीच्या नवऱ्याला घेऊन गेले. मी तडक साहेबाकडे गेलो. मग त्या गोष्टी कसल्या सांगत होतात, असं तोंडावर विचारलं.

"त्या मला आजोबांनी सांगितल्या," तो शांतपणे म्हणाला. "ते तिथले पोलीस होते."

बहिणीच्या नवऱ्याला मुंबईच्या बोटीने परत धाडायचं ठरलं. सोबत कोण कोण होते, हे त्याने कोठडीत शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याची ट्रंक घेऊन मी धक्क्यावर गेलो. पोलिसाने दोन मिनिटं दिली. मेहुण्याने मला मिठी मारली आणि तो कानाशी म्हणाला, "भाई, आपल्या खोलीत कोनतरी फितूर हाय. तुमी जपून ऱ्हावा."

मी मान हलवली.

त्याला पुन्हा परदेशी जायला मिळालं नाही. लोकांच्या होड्यांवर राबून तो लवकरच गेला. बहीण अजून दर ईदला विचारते, तो फितूर कोण ते कळलं का. मी नाही म्हणतो, आणि ती माझ्या ताटात आणखी शिरखुर्मा वाढते.