आधी थोपट, मग हात घाल

इस्माईलभाई आमच्या घरी आले की "सलाम वयनी" म्हणत, चपला काढत, आणि बसायच्या आधी दारामागच्या खुंट्यांवर टांगलेल्या कपड्यांचे खिसे थोपटत. माझी पँट, माझी बायको मार्था हिचा नर्सचा कोट, आणि एकदा तर घरी जेवायला आलेल्या फादरांचा झगासुद्धा. आत हात घालत नसत. तळहात सपाट ठेवून बाहेरूनच दोनदा हलकेच दाबायचे, बाळाला झोपवताना थोपटतात तसे. नवखा पाहुणा असला की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. माझ्या पाकिटात काय मोठी दौलत होती म्हणा, पण परक्या माणसानं खिशावर हात ठेवला की कुणाचंही डोकं फिरेलच ना! मी कुरकुरलो की मार्था म्हणायची, "थोपटू दे रे त्यांना. तुझं काय झिजतंय?"

हाच माणूस ही खोड लागण्याआधी बहारीनमधल्या मनामाच्या बाजारातला सगळ्यात पक्का सेल्समन होता, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नसे. मी सांगतो, कारण मी त्याच दुकानात होतो. मी वसईचा, ते रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. दुकान शिकारीच्या सामानाचं होतं. तंबू, दुर्बिणी, ससाण्याच्या डोक्यावर घालायच्या चामडी टोप्या, छर्‍याच्या बंदुका, आणि मागच्या कुलूपबंद काचेच्या कपाटात थोडीशी रिव्हॉल्व्हरं. ती ज्याच्याकडे सरकारी परवाना असेल त्यालाच मिळायची. परवान्याची कागदपत्रं बघणं, बिल करणं हे माझं काम. गिर्‍हाइकाला बोलण्यात गुंतवणं हे इस्माईलभाईंचं. सत्तर सालानंतरची ती वर्षं, तेलाचा पैसा वाहत होता आणि रोकड बाळगणार्‍या प्रत्येक व्यापार्‍याला वाटायचं, आपल्या खिशात काहीतरी असावं.

पण थोबाच्या खिशात पोलादी रिव्हॉल्व्हर घालून बघा एकदा. तो पायघोळ पांढरा झगा उन्हाळ्यात इतका पातळ असतो की एका बाजूला ओढला जातो, खिसा लोंबतो, आणि माणूस एका खांद्यानं वाकडा चालतोय असं दिसतं. म्हणून सगळ्यांचा डोळा एकाच मॉडेलवर. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचं, आखूड नळीचं, तळहातात मावेल एवढं. हातात घेतलं की पहिल्यांदा प्रत्येक जण वर बघायचा, मस्करी करताय का, अशा नजरेनं. मग कंपनीनं ते मॉडेलच बंद केलं. कुणी म्हणे, जास्त बार काढले की त्याच्या अंगाला चीर जाते. कुणी म्हणे, परवडत नव्हतं. खरं काय ते आम्हांला कुणी सांगितलं नाही, पण बंद झालं म्हटल्यावर मागणी दुप्पट झाली. माणसाची जातच तशी. दुकानात पडून असतं तेव्हा ढुंकून बघत नाही, आणि संपलं म्हटलं की जीव टाकतो. आमच्याकडे त्यातली मोजकी उरली होती.

ती विकायची इस्माईलभाईंची एक रीत होती. मनामाजवळच्या सनाबिस गावचे अबू जासिम आले तेव्हाची मला लख्ख आठवते. म्हातारे खजुराचे व्यापारी, स्वभावानं मोकळे, हसले की खोकला लागायचा. इस्माईलभाईंनी रिकामं रिव्हॉल्व्हर उघडून दाखवलं, बंद केलं आणि "परवानगी?" म्हणत स्वतःच त्यांच्या खिशात सरकवलं. मग त्यावर एक अक्षर नाही. गावा मागवला, वेलचीची ती कडू कॉफी. ससाण्यांच्या गोष्टी निघाल्या, पावसाच्या निघाल्या. अबू जासिमनी कप हलवला, म्हणजे आता पुरे, आणि मग इस्माईलभाईंनी साळसूदपणे विचारलं, "शेख, रिव्हॉल्व्हर कुठाय?"

अबू जासिम काउंटरवर बघायला लागले. मग कपाटाकडे. मग माझ्याकडे, जणू मीच चोरलं.

"तुमच्याच खिशात हाय," इस्माईलभाई म्हणाले. "इसरलात ना? ह्या इसरण्याचेच पैशे घेतो आमी. आणि कंपनीनं बंद केलंन, शेख. पुन्ना मिळायचं नाय."

म्हातारा हसता हसता खोकून बेजार झाला आणि तिथल्या तिथे घेऊन गेला. ही युक्ती कधी फसली नाही. गिर्‍हाईक गेलं की इस्माईलभाई मला डोळा मारून म्हणायचे, "इनास, जड वस्तू डोक्याला घोर लावते बग. जी अंगावर असून इसरता येते, तीच खरी हलकी." मलाही ते वाक्य फार आवडायचं. मी घरी जाऊन मार्थाला ऐकवलं होतं.

आता याकूबचं सांगतो. याकूब त्यांच्याच गावचा, वाडीतलाच. इस्माईलभाईंनीच व्हिसा काढून त्याला आणलं आणि मनामातल्या एका लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला लावलं. हसतमुख पोरगा, नुकतंच लग्न झालेलं. त्या काळी बाजारात पिस्तुलाच्या आकाराचे लायटर मिळायचे. घोडा दाबला की नळीतून ज्योत. सुट्टीवर जाणारा प्रत्येक जण गावाला दोनचार तरी न्यायचाच. याकूबच्या गावात पहिला तसा लायटर इस्माईलभाईंनीच नेला होता आणि याकूबला लग्नात आहेरही तोच केला होता. तो सगळ्या वाडीला दाखवत फिरला होता म्हणे.

आमच्याच दुकानातून ते हलकं रिव्हॉल्व्हर घेतलेल्या एका कंत्राटदारानं एक दिवस मळलेला थोब लाँड्रीत पाठवला. खिशात काय आहे हे तो विसरला. विसरण्याचेच तर पैसे दिले होते त्यानं. दुपारची वेळ, याकूबनं कपडा पाटावर पसरला, खिशातून ती वस्तू काढली. तळहातावर घेऊन बघितली. इतकी हलकी, खरी असेल असं त्याला का वाटावं? त्यानं ओठात सिगारेट धरली, शेजारच्या इस्त्रीवाल्याला म्हणाला, "बघ, आमच्या चाचांनी दिला तस्साच," आणि नळी तोंडाजवळ नेऊन घोडा दाबला.

पुढचं मी लिहीत नाही.

पोलिसांनी चौकशी केली. परवाना होता, बिल होतं, सगळं कायद्यात बसत होतं. खलास. याकूबला मनामातच पुरलं. इस्माईलभाई कबरीत उतरले, माती दिली, आणि दुसर्‍या दिवशी दुकानात येऊन तंबू झटकत बसले. मला वाटलं, माणूस घट्ट आहे. मग ते सुट्टी घेऊन गावी गेले, याकूबच्या घरच्यांना भेटायला. परत आले ते दाढी वाढवून, डोळे खोल गेलेले. कितीतरी दिवसांनी, मी बिलं करत असताना, अचानक म्हणाले, "त्याची बायको इचारते मना, चाचा, लायटर फुटला का? तिला वाटतंय लायटरच फुटला. मी म्हणलो, हां बेटी, लायटरच." आणि काउंटरवर डोकं टेकून हमसून हमसून रडले. पन्नाशीचा माणूस. मी दुकानाचं दार लावून घेतलं. दुसरं काय करणार?

तेव्हापासून त्यांच्या जिवाला एकच ध्यास लागला. विकलेली ती हलकी रिव्हॉल्व्हरं परत आणायची, आणखी कुणी मरायच्या आत. कुणाकुणाला दिली ते त्यांना तोंडपाठ होतं. दर शुक्रवारी नमाज झाला की बस धरायची आणि एकेकाच्या दारात जाऊन उभं राहायचं. मोबदल्यात पोलादी, चांगलं, नवं द्यायला आमचा अरबाब, म्हणजे दुकानाचा मालक, कुरबुर करत का होईना तयार झाला होता. पण गिर्‍हाइकं तयार होईनात. मी एकदोनदा सोबत गेलो, म्हणून माहीत आहे. प्रत्येकाच्या तोंडी एकच उत्तर, "तूच म्हणालास ना, पुन्हा मिळायचं नाही? मग हातचं का देऊ?" आपलेच शब्द असे दारादारातून परत ऐकायचे! मला तर बसमध्ये परतताना त्यांच्याकडे बघवत नसे. पण ते मात्र चिवट. पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर. हळूहळू लोक कंटाळले म्हणा, विरघळले म्हणा, एकेक करत रिव्हॉल्व्हरं परत आली. अरबाबनं ती पोलिसांत जमा केली.

राहिलं एक. अबू जासिमचं. म्हातारा दर वेळी प्रेमानं बसवायचा, गावा पाजायचा, खजूर खायला घालायचा, आणि शेवटी म्हणायचा, "मफी, इस्माईल, नाही द्यायचं. माझ्या खिशाला त्याची सवय झालीय." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

दरम्यान इस्माईलभाईंनी लाँड्र्यांचं खूळ घेतलं. मनामातल्या, सनाबिसच्या, पार सलमाबादच्या कामगार छावण्यांजवळच्यासुद्धा. आत शिरायचं, सलाम करायचा आणि इस्त्रीवाल्याला धडा द्यायचा, "कपडा आला की आदी थोपट, मग हात घाल. जड लागलं तर घाबरू नको. हलकं लागलं तर घाबर. हात लावू नको, टॉवेल टाक, मालकाला बोलाव." मल्याळी, पंजाबी, बंगाली, ज्याला जी भाषा कळेल तीत, मोडकीतोडकी. पोरं त्यांच्या मागे हसायची. 'खिसेवाला चाचा' म्हणायची. कुणी मुद्दाम खिशात साबणाची वडी ठेवून त्यांना बोलवायचे. ते यायचे, गंभीरपणे थोपटायचे, वडी काढायचे आणि म्हणायचे, "शाबास. असंच थोपटायचं." मी एकदा चिडून म्हणालो, "इस्माईलभाई, लोक तुम्हांला वेडं समजतात हो!" तर म्हणाले, "समजू देत. याड्याचं इसरत नाय कोणी." वर्षं गेली. खिसेवाल्या चाचांचं नाव मागं पडलं, नवी माणसं आली, जुनी व्हिसा संपवून गेली. ते मात्र जातच राहिले.

ऐंशी सालाच्या पुढची काही वर्षं गेल्यावर त्यांच्या हृदयानं दगा दिला. मार्था ज्या इस्पितळात नर्स होती तिथेच होते. नळ्या लावलेल्या, तरी तिचा कोट हाताशी आला की थोपटायचे. खिशात थर्मामीटर लागला की मान हलवायचे, ठीक. शेवटच्या दिवशी मी बसलो होतो. घरच्यांना काय कळवू म्हणून विचारलं, तर ओठ हलले, "सनाबिसचं र्‍हायलं रे इनास." बस. मी त्यांना म्हणालो, मी आणतो, तुम्ही निवांत पडा. म्हणालो खरा, पण मला काही ते जमेल असं वाटत नव्हतं. दुपारी ते गेले. याकूबच्या कबरीपासून थोड्याच अंतरावर त्यांना जागा मिळाली.

दोनतीन दिवसांनी अबू जासिम दुकानात आले. खूप थकले होते. खुर्चीत बसून डोळे पुसत म्हणाले, "फार छळलं मी त्याला. गंमत वाटायची मला, तो यायचा म्हणून. त्याच्यासाठी तरी आता हे घेऊन टाक." आणि खिशात हात घातला. मग दुसर्‍या खिशात. मग उभे राहून आतल्या खिशात.

खिशात काही नव्हतं.

"काल होतं," म्हातारा पुटपुटला. "कालच्या थोबात." मी फोन त्यांच्यापुढे सरकवला. नंबर मीच फिरवला. सून बोलली. कालचे कपडे? ते तर सकाळीच लाँड्रीत गेले.

गाडी म्हातार्‍याचीच, चालवली मी. मला धड चालवताही येत नव्हती तेव्हा. वाटेत अबू जासिम एकच विचारत होते, भरलेलं होतं का, भरलेलं होतं का, जणू मला ठाऊक असावं. सनाबिसच्या त्या लाँड्रीपाशी गाडी कशीबशी थांबवून मी आत शिरलो, माझ्या मागोमाग म्हातारा. वाफेत एक अनोळखी तरुण इस्त्री करत होता. त्याच्या कानावर सिगारेट खोचलेली होती. मी नुसता म्हातार्‍याकडे बोट दाखवून "थोब, थोब" म्हणत राहिलो.

त्यानं इस्त्री बाजूला ठेवली, कोपर्‍यातल्या रिकाम्या टेबलाकडे नेलं. टेबलावर न उलगडलेला थोब, आणि त्याच्या खिशावर जाड टॉवेल. "हाथ नहीं लगाया साब," तो म्हणाला. "सेठ को बोला है, आता होगा."

अबू जासिम तिथेच जमिनीवर बसले. मी त्या मुलाला विचारलं, बहारीनला येऊन किती झालं? दोन महिने, म्हणाला, आंध्रातून. इस्माईलभाईंना ओळखतोस? रत्नागिरीवाले, पांढरी दाढी, खिसेवाला चाचा? त्यानं मान हलवली. असं कुणी त्याला माहीत नव्हतं.

"फिर ये थपथपाना किसने सिखाया?"

"किसीने नहीं साब," तो म्हणाला. "इधर सब ऐसाही करते हैं."