शनिवारच्या पडवीतल्या गोधड्या

पाच बायका आठवड्यातून एकदा एका सतरंजीवर बसून तीन तास शिवतात म्हटल्यावर हातांबरोबर तोंडंही चालणारच. एक गोधडी पुरी व्हायला आम्हाला दोन महिने लागतात, आणि तेवढ्यात तिच्याभोवती काही ना काही घडून जातं. गोधडी ज्याची त्याच्या घरी जाते. गोष्टी मात्र माझ्याकडे साठल्यात, कारण पडवी माझी.

मी नागावात शिक्षिका होते, म्हणून सगळ्या मला बाईच म्हणतात. निवृत्त झाल्यावर शेजारच्या कुसुमताईंना म्हटलं, मला गोधडी शिकवा. त्या सत्तरीच्या पुढच्या, आईच्या हाताखाली शिकलेल्या. मग माझी जुनी विद्यार्थिनी मनाली यायला लागली. ती नवऱ्याबरोबर होमस्टे चालवते. आणि रेवदंड्याहून एकाच रिक्षाने दोघी येतात: सुकी मासळी विकणारी पारू आणि ब्लाऊज शिवणाऱ्या जैबूनआपा. आपांमुळे आम्हाला चिंध्यांची कधी ददात पडली नाही.

*

मनालीला दिवस गेले तेव्हा आम्ही तिच्या बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं. कुसुमताईंनी आपलं सर्वांत जुनं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं लुगडं काढून दिलं. कडेला आम्ही बारीक मासे शिवले.

बारशाला गेलो तर घरात दोन पाळणे. जुळं होणार हे मनालीला आधीपासून ठाऊक होतं, पण सासूबाईंनी कुणाला सांगू दिलं नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून. मी हातातलं एकुलतं दुपटं घेऊन दारातच थबकले. कुठल्या बाळाला देणार?

तेवढ्यात जैबूनआपांनी पिशवीत हात घातला आणि दुसरं दुपटं काढलं. तसंच, मासे शिवलेलं.

मनाली म्हणाली, "आपा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? पोराचं एक ओलं, तर एक दोरीवर. मी दुपटं कधी एक शिवतच नाही."

*

माझ्या मुलाच्या सासूबाई पुण्याच्या. घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांना दिवाळीची भेट म्हणून आम्ही फिकट जांभळी गोधडी शिवली. शेवटची किनार घालायला जैबूनआपा ती घरी घेऊन गेल्या आणि शनिवारी परत आणताना रिक्षात ठेवली पारूच्या टोपलीवर. टोपलीत सुकट होती.

गोधडी उलगडली तशी आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. तीन वेळा धुतली, आठ दिवस उन्हात टाकली. मला वास येईनासा झाला. पण आम्ही इथली माणसं, आमच्या नाकाचं काय खरं? मुलगा निघायच्या घाईत होता. दिली पाठवून, आणि रोज फोनची धास्ती घेऊन बसले.

चौथ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. "किती मऊ आहे हो. आणि एक सांगू का, अंगावर घेतली की अगदी समुद्राचा वास येतो. इतकं प्रसन्न वाटतं."

मी शनिवारी हे सांगितलं. पारूने शिवणातून डोकं वर काढलं नाही.

"पुढच्या सालाला बोंबलाचा वास देऊ त्यांना. तो जास्त टिकतो."

*

कुसुमताईंकडे पाच दिवसांचा गणपती असतो. मखरामागे लावायला आम्ही जुन्या साड्यांच्या काठांचा पडदा शिवला होता. श्रावणातच पुरा करून त्यांच्या माळ्यावर ठेवला. हरतालिकेच्या दिवशी खाली काढला तर उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढं भोक. उंदराने खाल्लेलं.

कुसुमताई मटकन खालीच बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्ती येणार होती. पारूने ते भोक हातात धरून नीट बघितलं, पिशवीतून करड्या कापडाचा तुकडा काढला आणि शिवायला बसली. दोन गोल कान, काळ्या दोऱ्याच्या मिश्या, जाड सुतळीची शेपटी. तासाभरात त्याच भोकावर एक उंदीर बसला होता, पुढच्या पायांत मोदक धरून.

आरतीला आलेला प्रत्येक माणूस वाकून त्याला बघत होता. कुणीतरी म्हणालं, मूषक अगदी जागच्या जागी बसवलाय, काय सुंदर कल्पना आहे.

"त्यानंच खाल्लं," पारू म्हणाली, "आता राखण पण त्यालाच करू दे."

*

मनालीच्या होमस्टेला वर्ष झालं तेव्हा आम्ही तिला एक मोठी गोधडी दिली. ती तिने समुद्राकडच्या खोलीत ठेवली. एका थंडीत तिथे मुंबईचं कुटुंब उतरलं होतं, आई, वडील आणि चार-पाच वर्षांची मुलगी. पहाटे मुलीला सणकून ताप भरला. आईवडिलांनी तिला अंथरुणातून तशीच उचलली आणि गाडी काढली. गोधडी तिच्याभोवती गुंडाळलेलीच गेली.

मनालीने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा फक्त ताप विचारला, गोधडीचं नाव काढलं नाही. "पोरगी आजारी असताना कसं विचारू, बाई?" ती मला म्हणाली. आम्हीही गोधडीचा विषय सोडून दिला.

महिन्याभराने पार्सल आलं. धुऊन घडी घातलेली गोधडी, तिच्यावर एक लहानसा पिवळा फ्रॉक आणि चिठ्ठी. मुलगी सहा दिवस हॉस्पिटलात होती आणि तिने दुसरं पांघरूण अंगावर घालूच दिलं नव्हतं. आता ती खडखडीत बरी आहे. हा तिचा आखूड झालेला फ्रॉक. तुमच्या पुढच्या गोधडीत याचा एक तुकडा लावाल का?

चिठ्ठी मी मोठ्याने वाचली. मग कुसुमताईंनी फ्रॉक पसरून त्याची लांबीरुंदी बोटांनी मोजली. "तुकडा कशाला? मुलीची होणार नाही, पण तिच्या बाहुलीची गोधडी यात आरामात होते."

दोन शनिवारांत शिवून धाडली. उत्तर मनालीच्या मोबाइलवर आलं, त्या मुलीच्याच आवाजात. "आता माझी बाहुलीपण बरी झाली."

*

कुसुमताईंचे यजमान, अप्पा, आम्हाला नेहमी हसायचे. "चांगलं कापड फाडायचं आणि फाडलेलं पुन्हा जोडायचं. याला उद्योग म्हणतात होय?"

मध्यंतरी कुसुमताई येताना एक डबा आणायला लागल्या. डब्यात अर्धा कच्चा बटाटा आणि त्याच्यात टोचलेल्या वीसेक सुया, सगळ्या दोरा ओवलेल्या. "वेळ वाचतो," त्या म्हणायच्या. आम्हाला ते पटलं होतं.

एका शनिवारी त्या डब्याशिवाय आल्या आणि हात दुखतोय म्हणून नुसत्याच बसून राहिल्या. पंधरा मिनिटांत अप्पा आले. भर उन्हात, डोक्यावर टॉवेल, हातात डबा. "ही विसरून आली," म्हणाले आणि जायचे सोडून तिथेच घुटमळले. मग हळूच विचारलं, "निळा दोरा संपला गं. सहा सुयांत काळा ओवलाय. चालेल ना?"

कुसुमताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वर्षभर त्यांना सुईचं नाक दिसत नव्हतं, आणि हे घरात फक्त अप्पांना माहीत होतं.

"चालेल," कुसुमताई म्हणाल्या. "बसा. चहा घेऊन जा."

त्यांची ऑपरेशनं होऊन आता दीड वर्ष झालं. अंगणातली मुंगी त्यांना पडवीतून दिसते. बटाटा अजूनही दर शनिवारी येतो.

*

कुसुमताईंची एक सवय सांगायची राहिली. त्यांना वाकडा टाका बघवत नाही. तोंडाने काही म्हणत नाहीत; आपण चहा टाकायला उठलो की तेवढ्यात आपली ओळ उसवून, सरळ घालून मोकळ्या होतात. पहिल्या वर्षी माझी एकही ओळ वाचली नसेल.

मागच्या वर्षी माझं ऑपरेशन झालं. उजव्या बाजूला, छातीतल्या गाठीचं. काखेतल्याही गाठी काढल्या. पुढे औषधांसाठी मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. सहा महिने मी सुई हातात धरली नाही. चौघी कुसुमताईंकडे जमत होत्या. माझ्याकडे रोज कुणाचा तरी डबा येत होता, आणि रेवदंड्याहून आलेला डबा पारूचा की आपांचा हे मला झाकण उघडायच्या आधी कळायचं.

त्याच सुमारास पारूच्या मुलीचं, दर्शनाचं, लग्न ठरलं. रुखवतात ठेवायला मोठी गोधडी घेतली होती, गडद निळी. पारूने मला निरोप धाडला, "बाई येत नाय तवर पहिली वळ कोणी घालणार नाय."

मी नको म्हटलं. हात सुजलेला, बोटांवर भरवसा नाही. तर एका शनिवारी चौघींनी गोधडी आणून माझ्याच पडवीत पसरली आणि चारी बाजूंनी बसून राहिल्या. हातात सुई नाही, काही नाही. शेवटी मीच सुई घेतली.

एका ओळीला मला दीड तास लागला. दोरा मध्येच वर चढायचा, मग खाली घसरायचा, परत चढायचा. संपल्यावर मागे सरून बघितलं. भर मधोमध, निळ्यावर पांढरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत डुलत गेलेली ओळ. मला रडू आलं.

"कुसुमताई, ही उसवा," मी म्हटलं. "लग्नातली वस्तू आहे. चार लोक बघणार."

"बघू," त्या म्हणाल्या, आणि गोधडीची घडी घालून घेऊन गेल्या.

पुढचे शनिवार माझे मुंबईत गेले. गोधडी मी पुन्हा बघितली ती लग्नाच्या मांडवात. रुखवताच्या मागे दोरीवर टांगली होती. मी माझी ओळ शोधायला लागले आणि मला ती सापडेना. मधोमध बघितलं, तर ती तशीच होती, आणि तिच्यावर बोटभर अंतरावर दुसरी ओळ होती. माझी जिथे चढली होती तिथे चढलेली, जिथे घसरली होती तिथे घसरलेली. तिच्यावर तिसरी. खालीही तशीच. वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत, अख्खी गोधडी.

कुसुमताई शेजारीच उभ्या होत्या. त्या रुखवतातले लाडू बघत होत्या.

नवऱ्या मुलाकडची एक बाई मुरुडहून आली होती. तिने गोधडीवरून हात फिरवला आणि पारूला विचारलं, "या लाटा कशा घातल्यात गं? आमच्याकडं कोणाला येत नाय."

पारूने माझ्याकडे बोट केलं.

"आमच्या बाईंनी काढून दिल्यान. आमी गिरवल्या."