आंदणाला हजेरी नसते

मास्तरीणबाईंनी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि माझं नाव विचारलं. मी तोंड उघडलं, तोच बाईसाहेब हसल्या. "तिचं काय विचारता? ती माझ्या आंदणात आलीय. आंदणातल्या भांड्याला कुठं हजेरी असते?"

वर्गातल्या सगळ्या हसल्या. मास्तरीणबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी टाक खाली ठेवला. मला म्हणाल्या, "तू उंबऱ्यापाशी बस. पाटी धरायला."

मी बसले. दोन वर्षं तिथंच बसले.

मला चारचौघांत बोलता येत नाही. मान आपोआप खाली जाते. म्हणून हे लिहिते आहे, आणि लिहून झालं की मडक्यांच्या उतरंडीमागे ठेवते.

माझी आई देवासला धाकट्या पातीतल्या, म्हणजे धाकट्या गादीच्या, एका सरदाराच्या घरी दासी. तीही आंदणातच आलेली. त्या घरची मुलगी एकटी शाळेत जाईना, म्हणून सोबतीला मला बसवलं. अशी माझी चौथी झाली. तिचं लग्न धारला ठरलं तेव्हा मांडवात आंदण वाचून दाखवलं. घंगाळ, दोन समया, पाट, आणि मी.

आई रडली. मी रडले नाही. धारला चौथीच्या पुढचा वर्ग आहे, तिथं शिकलेल्या बाईला मास्तरणीची जागा मिळते, असं मी ऐकलं होतं. गाडीत बसताना आई कानात म्हणाली, "शीक. तुझ्या पोटचं पोर तरी आंदणात जायला नको." धार येईपर्यंत मी तेवढंच घोकत होते. गाव लहान निघालं. तळी, किल्ला, चार गल्ल्या. मला काशी वाटली.

सरदाराची ती मुलगी आता बाईसाहेब झाली होती. बाईसाहेबांना शिकायचं नव्हतं. त्यांच्या यजमानांना दरबारात सांगायला शिकलेली बायको हवी होती. बाईसाहेब वर्गात डुलक्या काढत. घरी गेल्यावर पाटी माझ्यापुढे टाकत. "लिही गं. माझ्यासारखं वाकडं काढ, तुझ्यासारखं नको." मी माझं अक्षर मोडून लिहायला शिकले. गणितं मी केली, भूगोल मी पाठ केला. वाटायचं, परीक्षेच्या दिवशी कळेलच. त्या दिवशी कोणी कोणाची पाटी लिहू शकत नाही.

माझी ही चूक. मोठ्या घरात जन्म काढून मी गोशा विसरले.

परीक्षेला दिपोटी आले, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. परक्या पुरुषापुढे सरदाराघरची बाई येत नाही. मध्ये पडदा लावला. परक्या पुरुषाच्या कानी तिचा आवाजही पडायचा नाही. तिनं हळू बोलायचं आणि दासीनं ते मोठ्यानं सांगायचं. अशीच रीत आहे.

बाहेरून प्रश्न आला. बाईसाहेब विडा चघळत होत्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "बोल."

मी बोलले. नर्मदेला मिळणाऱ्या नद्या सांगितल्या. त्रैराशिक तोंडी सोडवलं. कविता म्हटली, अर्थ सांगितला. दर उत्तराला बाहेरून आवाज यायचा, "शाबास, बाईसाहेब." दर वेळी बाईसाहेब माझ्याकडे बघून हसायच्या. उत्तरंही माझीच आहेत हे बाहेर मास्तरीणबाईंना ठाऊक होतं. त्या हजेरीचं पुस्तक मांडीवर धरून बसल्या होत्या.

शेवटी दिपोटी म्हणाले, "दाखल्यावर लिहायला पूर्ण नाव सांगा."

बाईसाहेबांनी पुन्हा ढोसलं. माझ्या तोंडून त्यांचं नाव निघेना. आईचा शब्द कानात होता. मी पडदा बाजूला केला आणि बाहेर आले.

"उत्तरं माझी आहेत. नाव माझं लिहा." आणि मी माझं नाव सांगितलं. इतक्या माणसांत पहिल्यांदा.

दिपोट्यांचा टाक हवेतच राहिला. त्यांनी मास्तरीणबाईंना विचारलं, "ही कोण?"

मास्तरीणबाईंनी हजेरीचं पुस्तक चाळलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिचं नाव हजेरीत नाही."

दिपोट्यांनी बाईसाहेबांचं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत मी तिथं उभी होते.

त्याच दिवशी मला अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर काढलं. देवासला निरोप गेला. तिथं आईला मुदपाकखान्यातून काढून शेणगोठ्याला लावलं. एका गाडीवानाबरोबर तिनं सांगून पाठवलं, "इकडं येऊ नको." एवढंच. रागानं म्हणाली की मायेनं, गाडीवानाला सांगता येईना. मी रोज दोन्ही धरून बघते.

तळ्याकाठच्या कुंभारणीनं मला ठेवून घेतलं. तिनं माझी जात विचारली नाही. "माटी गूंदनी आवे के नी?" म्हणाली, माती मळता येते का. मी म्हटलं, "शिकेन." पोटापुरतं मिळतं. काही दिवस तेवढंही नाही. तळ्याच्या पायऱ्यांवर मी उगीच उभी राहिलेली आहे. आत उतरायचं मनात आलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा.

वर्ग पुन्हा सुरू झाला. नाव घालायला गेले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "कोणाच्या घरची म्हणून लिहू?" मी म्हटलं, "कोणाच्याच नाही." त्यांनी पुस्तक मिटलं.

आता मी रोज शाळेच्या दगडी पायरीवर जाऊन बसते. शिपाईण येते, "हुकूम आहे, बाई," म्हणते आणि घागर ओतते. पायरी ओली, लुगडं ओलं. थंडीत दात वाजतात. बाईसाहेबांची गाडी समोरून गेली की चिकाच्या पडद्याआडून ओळखीचं हसू ऐकू येतं.

आत हजेरी सुरू होते. एकेक नाव घेतात. शेवटचं नाव झालं की मी उभी राहते. मान खालीच असते, ती अजून वर होत नाही. पण मी माझं नाव आतपर्यंत जाईल असं मोठ्यानं घेते आणि म्हणते, "हजर."

कोणी लिहीत नाही. उद्याही म्हणणार आहे.