आमच्या घरात चढलेली बाटली

आमच्या घरात 'चढणे' हे क्रियापद फक्त सोड्यासाठी होतं. बाटलीत गॅस भरला की ती चढली, नाही भरला तर अजून चढायची आहे. दुसरं काही चढण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बाबा आबकारी खात्यात होते आणि राज्यात दारूबंदी होती.

त्याच सुमारास हैदराबादेत, आमच्या नारायणगुड्याच्या दुकानादुकानांत विलायती कोल्याचे फ्रीज येऊन उभे राहिले. मी कॉलेजात इंटरला होते, वर्गातल्या सगळ्या जणी तो प्यायच्या आणि मी घरी येऊन कुरकुर करायचे. बाबा म्हणत, "रंगीत पाण्याला कोण पैसे मोजतं!" आई जरा वेगळ्या वळणाची. ती म्हणाली, "तुला फेसच पाहिजे ना? घरात काढून देते."

तिने बरणीत किसलेलं आलं, साखर आणि पाणी घातलं आणि वर फडकं बांधलं. मग रोज सकाळी, गाईला घास द्यावा तसं, त्यात चमचाभर आलं-साखर टाकू लागली. काही दिवसांनी बरणी बुडबुडायला लागली. त्या पाण्याला ती 'खमीर' म्हणे. शेजारच्या उर्दू बोलणाऱ्या मावशींकडून, आमच्या खालांकडून, उचललेला शब्द. मग फिकट हिरव्या अनाबेशाही द्राक्षांचा रस गाळायचा, त्यात हे खमीर घालायचं आणि दुकानातून मागून आणलेल्या कोल्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून घट्ट झाकण लावायचं. प्लास्टिकचा फायदा असा, की बाटली दाबून बघता येते. मऊ लागली तर थांबा, दगडासारखी टणक लागली तर चढली. फिका रस मला कोल्यासारखा वाटेना, म्हणून आईने त्यात मूठभर काळी द्राक्षं घातली. रंग असा गडद उतरला की बघत राहावं.

बाबांना तो सोडा फार आवडायचा. अंबरपेठच्या गल्लीच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या चोरट्या भट्टीचा वास ओळखणारा हा माणूस, छाप्यावरून घरी यायचा, गार पेला एका दमात संपवायचा आणि द्राक्षांना फेस कसा येतो हे एकदाही विचारायचा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाबांचे नवे साहेब तेलुगू होते आणि भारी कडक. त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, आपल्या माणसाच्या घरात एक थेंब जरी सापडला तरी नोकरी गेली म्हणून समजा. आमचं घर त्या एका पगारावर चालत होतं.

एका रविवारी सकाळी हेच साहेब कसल्याशा कागदांवर सह्या घ्यायला अचानक दारात उभे. बाबांनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. आई आत मिक्सरवर चटणी वाटत होती, तिला पत्ताच नाही. मिक्सर थांबला आणि तिचा खणखणीत आवाज आला, "अहो, बघा तरी, काय चढलीय आज! खोलू का?"

साहेबांना मराठी येत नव्हतं. पण 'चढली' आणि 'खोलू' कळायला हैदराबादेत मराठी यावं लागत नाही.

"क्या चढी जी?" त्यांनी हळूच विचारलं.

"सोडा है साब, घर का," बाबा म्हणाले. "अंगूर का रस, शक्कर, थोडा खमीर..." आणि ते थांबले. हेच शब्द त्यांनी आजवर कितीतरी पंचनाम्यांत लिहिले होते. आपल्याच तोंडून, आपल्याच घराबद्दल ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मंगाओ," साहेब म्हणाले.

आई बाटली घेऊन बाहेर आली, पाहुणा बघून पदर सावरला आणि बिचारी लगबगीने पेलेही घेऊन आली. साहेबांनी बाटली दाबून पाहिली. झाकण फिरवलं तर फस्सकन फेस उसळून त्यांच्या घड्याळावर आला. त्यांनी वास घेतला. एक घोट घेतला, तोंडात फिरवला. मग आणखी एक.

"अम्मा, ये कब का है?"

"परसों रात का, साब. अब फ्रिज में रख देती. ज्यादा रखे तो खट्टा हो जाता, बच्ची पीती नै."

"हौ. और उससे बी ज्यादा रखे तो हमारे खाते का हो जाता," साहेब म्हणाले आणि चक्क हसले. पेला पुढे करत म्हणाले, "थोडा और डालो. ये सोडाच है जी. आपको पसीना कैकू आरा?"

ते गेल्यावर बाबा पायरीवरच बसले. मग त्यांनी उरलेली बाटली मागून घेतली आणि तोंडालाच लावली. आई हसत सुटली, मग मीही. इतकं हलकं मला परीक्षा संपल्यावरही कधी वाटलं नव्हतं.

"आजपासून या घरात चढली म्हणायचं नाही," बाबांनी फर्मान काढलं.

"मग काय म्हणू?"

"झाली म्हण."

आई 'झाली' म्हणू लागली, पण तिच्या तोंडी ते कधी बसलं नाही. बाबा मात्र बूट काढायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन बाटल्या दाबून बघू लागले. जरा टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये.

पुढे दारूबंदी उठली. त्या संध्याकाळी चौकातल्या दुकानापुढे ही गर्दी! बाबा लवकर घरी आले, हातपाय धुतले, पुढच्या दाराशी खुर्ची टाकून बसले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अगं, चढली का?"

आतून आईचा आवाज आला, "चढली हो, चढली! खोलू का?"