एका दिवसाची मुदत

ओला फडका फिरवलेल्या फळ्यावर खडू टेकला की एक गार, मातकट गंध उठतो, आणि डिसेंबरातल्या सकाळी, तलावावरचे धुके टी. टी. नगरच्या छपरांवरून अजून हललेले नसताना, तो गंध थेट छातीत उतरतो. आमच्या मराठी मंडळाच्या पायरीशी असलेल्या त्या फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचे काम अनेक वर्षांपासून माझ्याकडे आहे. माझे आजोबा नागपूरच्या सरकारी कचेरीतून बदलून, फायलींच्या पेट्यांबरोबर या शहरात आले. वडील इथेच नोकरीला लागले. माझे शिक्षण मात्र अर्ध्यावर थांबले आणि मी न्यायालयाच्या आवाराबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहू लागलो. हिंदी मी उपजीविकेसाठी लिहितो, मराठी अंतःकरणासाठी. माझ्या हातचा अर्ज साहेब लोक शेवटपर्यंत वाचतात, हे मी अभिमानाने सांगू शकतो.

दिनविशेष लिहिता लिहिता एक गोष्ट मनात ठसत गेली, की तारीख ही एखाद्या धर्मशाळेसारखी असते. एकाच छपराखाली कोण कोण येऊन उतरते, आणि त्यांना एकमेकांचा पत्ताही नसतो. तीन डिसेंबर घ्या. एका माणसाचे हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसविण्याची जगातली पहिली शस्त्रक्रिया याच दिवशी झाली. मोबाइलवर पहिला लघुसंदेश याच दिवशी उमटला. दरवर्षी मी या दोन ओळी सुबक अक्षरात लिहितो, आणि तिसऱ्या ओळीची जागा मोकळी सोडतो. तिथे काय यायला हवे हे या शहरात कुणाला सांगावे लागत नाही.

कारखान्यातून विषारी वायू सुटला तेव्हा आम्ही अशोका गार्डनमध्ये, रुळांच्या जवळ राहत होतो. ती रात्र मला तुकड्यांनी आठवते. उजाडलेली सकाळ मात्र अखंड आठवते. ऊन नेहमीसारखेच कोवळे आणि सोनेरी होते, हेच त्यातले सर्वांत भयंकर. हवेत मिरच्या जळल्यासारखा उग्र दर्प उरला होता, झाडांची पाने करपून माना टाकून लोंबत होती, आणि आई ओटीवर भिंतीला टेकून, डोळ्यांवर ओला पदर धरून बसली होती. दुसरा हात तिने पोटावर ठेवला होता. तिला तेव्हा दिवस गेले होते. ते भावंड जगात आले नाही. त्याच्याविषयी घरात पुन्हा कुणी बोलले नाही. फक्त प्रत्येक वर्षी ही तारीख आली की आई खिडक्या लावून घेई, आणि आई गेल्यानंतर त्या खिडक्या मी लावू लागलो.

यंदा माझी मुलगी मंजिरी बाळंतपणासाठी कोटऱ्याच्या आमच्या घरी आली. शेवटच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी सांगितले की बाळाभोवतीचे पाणी कमी झाले आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत सहज म्हणाल्या, ‘‘तीन तारीख, सुबह.’’ खोलीत पंखा बंद होता, तरी माझ्या मानेवरून थंड वारा गेल्यासारखे झाले.

माणूस घाबरला की आपल्या धंद्याच्या आश्रयाला जातो. माझा धंदा मुदत मागण्याचा. किती तरी घाबरलेली माणसे माझ्या टेबलाशी येतात. त्यांना न्याय लांबच असतो, पण पुढची तारीख मिळाली की त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत येते. अशा अर्जात खरे कारण लिहायचे नसते, ‘अपरिहार्य कारणों से’ एवढेच लिहायचे, कारण खरे कारण उलटतपासणीला तोंड फोडते. मी तसाच अर्ज लिहिला. सविनय निवेदन, प्रार्थीची कन्या, अपरिहार्य कारण, एका दिवसाची मुदत. मंजिरीने तो माझ्या खांद्यावरून वाचला आणि पोट धरून हसली.

‘‘बाबा, बाळ काय आरोपी आहे का, हजर व्हायला मुदत मागताय?’’

‘‘अहो, निदान कोर्टाचं तिकीट तरी लावू नका त्या अर्जाला,’’ बायको आतून म्हणाली. मंजिरीला पूर्वीचे काही माहीत नव्हते. बायकोला थोडेफार माहीत होते, म्हणूनच ती बाहेर आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. ‘‘बाबूजी, ये कचहरी नहीं है। पंडितजी ने मना किया है क्या?’’ मी मान खाली घातली. ती होकारासारखी दिसली असावी. त्यांनी सुस्कारा सोडला. दोन तारखेला भूल देणारे डॉक्टर नव्हते. चार तारखेची सकाळ होती. ‘‘ठीक है, चार। लेकिन हलचल ज़रा भी कम लगे तो घर पर एक मिनट नहीं रुकना।’’ मी मुदत मिळवली होती. परतताना रस्त्याकडेच्या गाडीवरचे पेरूसुद्धा मला उजळ दिसले.

तीन तारखेला शहराला सुट्टी असते. रस्ते ओस होते. कुठे तरी सर्वधर्मप्रार्थनेचा ध्वनिक्षेपक लागला होता आणि त्याचे शब्द न पोहोचता नुसता कंप पोहोचत होता. मी फळा लिहून आलो, खिडक्या लावल्या, आणि मंजिरीच्या खोलीशी पुन्हा पुन्हा जाऊन येऊ लागलो. जेवणानंतर ती पलंगावर कुशीवर पडून होती. तिचा एक हात पोटावर होता, आणि मला तो हात ओळखीचा वाटला.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘सकाळी झोपलं असेल असं वाटलं मला. पण आत्ता गोड खाल्लं, तरी हलत नाहीये.’’

त्यानंतरच्या रस्त्याविषयी मला लिहिता येत नाही. रिक्षावाला विचारत होता, ‘‘कौन से गेट से लूँ, चाचा?’’ आणि माझ्या तोंडात त्या करपलेल्या सकाळची चव आली होती. ज्या दिवसापासून मी त्या जीवाला दूर ठेवू पाहत होतो त्याच दिवसाच्या दुपारी, आधीपेक्षा अधिक अशक्त करून, मी त्याला तिथे घेऊन चाललो होतो. सकाळी, आधी ठरलेल्या वेळी, ते सहज बाहेर आले असते. डॉक्टरीणबाई धावतच आत गेल्या.

दाराबाहेर औषधी द्रवाचा तिखट वास होता. माझ्या शेजारी बायको पदराचे टोक मुठीत घेऊन बसली होती. आत धातूची भांडी वाजली, कुणी तरी घाईने काही मागितले, आणि मग जी शांतता पडली तिला तळ नव्हता. आईच्या पोटातले ते भावंड कोणत्या शांततेत विरून गेले असेल, हे मला तेव्हा प्रथमच कळले. मग फार बारीक, ओल्या मांजरासारखा एक आवाज आला. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखे रुतली. ‘‘रडतंय ना?’’ तिने विचारले. ‘‘अहो, बाळच रडतंय ना ते?’’

मुलगी झाली. काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवले होते, मग घरी पाठवले. मंजिरीला मी सगळे सांगितले, तिच्या आजीसकट. ती एवढेच म्हणाली, ‘‘बाबा, आधी सांगायचं होतं.’’

आता दुपारी सारे निजलेले असताना मी नातीपाशी बसतो. पडद्यातून हिवाळ्याचे ऊन तिच्या दुपट्यावर येते, तिच्या अंगाला दुधाचा आणि वेखंडाचा वास येतो. इतकी वर्षे माझ्या भयाला एक तारीख होती. वर्षातून एकदा ते यायचे, मी खिडक्या लावायचो, आणि ते निघून गेले की उरलेले सारे दिवस माझे असायचे. आज कोणती तारीख आहे, मला ठाऊक नाही. तिची छाती खाली जाते आणि क्षणभर तशीच राहते. मी बोट तिच्या नाकाशी नेतो, आणि त्याला ऊब लागेपर्यंत माझा श्वास सोडत नाही.